मजल ठरवायची कुणी?

पुण्याहून रावेरखेडीला घोड्यावरून जायचं, हा बेत मुळात वाईट नाही. तो घरात मांडला गेला तेव्हा समोर माझा मेहुणा बसला होता, एवढंच काय ते वाईट. मेहुणा गुरांचा डॉक्टर. उभी नोकरी सरकारी दवाखान्यांत काढलेली. दौंड-बारामतीकडच्या धनगरांच्या तट्टांपासून सारंगखेड्याच्या यात्रेतल्या लाखमोलाच्या घोड्यांपर्यंत सगळ्यांचे खूर त्यानं हातात धरलेले. माझी मुलगी आर्किटेक्ट आहे, सुट्टीच्या दिवशी पहाटे घोड्यावर असते, आणि बाजीरावावर बोलायला लागली की तिला थांबवावं लागतं. मामा-भाचीचा एकमेकांवर जीव आहे. म्हणूनच भांडण रंगलं.

बेत असा होता. दिवाळी झाली की निघायचं. शिरूर, नगर, गोदावरी ओलांडून संभाजीनगर, सिल्लोडवरून अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर, तापीकाठी बऱ्हाणपूर, असीरगडाच्या पायथ्यानं पुढं आणि शेवटी नर्मदेकाठचं रावेरखेडी. थोरल्या बाजीरावानं २८ एप्रिल १७४० रोजी देह ठेवला ते ठिकाण. अंतर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. दख्खनेतून हिंदुस्थानात जाणारा हा जुना राजरस्ता. मोगल सुभेदार यावरून खाली आले, मराठी फौजा यावरून वर गेल्या. नर्मदेपलीकडे तोच पुढं सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर करत आग्र्याला भिडतो.

"घोड्याला विचारलंस का?" मामाचा पहिला प्रश्न.

"मामा, तू सुरुवातच अशी करणार असशील तर..."

"अशीच करणार. तुला इतिहास आहे, रजा आहे, हातात मोबाईल आहे. त्याला यातलं काय आहे? त्याला एक पोट आहे, एक पाठ आहे आणि चार खूर आहेत. त्यांचं काय ते बोल, तायडे."

ती चिडली नाही. तयारी करून आली होती. "बाजीरावाच्या घोड्यांनाही दिल्लीचं राजकारण कळत नव्हतं. अवधच्या सादतखानानं दुआबात मल्हारराव होळकरांना मागं रेटलं आणि बादशहाला लिहून कळवलं की मराठे चंबळेपार हाकलले. ते खोटं पाडायला हा माणूस १७३७ च्या मार्चमध्ये मोगली फौजांना वळसा घालून जाटांच्या, मेवात्यांच्या मुलखातून थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. कालिकेच्या देवळापाशी. दिल्लीला कळलं तेव्हा तो पोचलेला होता! हे घोड्याशिवाय झालं असतं?"

"नसतं झालं. पण तू वळसा सांगितलास, वळसा घालता कशानं आला ते नाही सांगितलंस. जड सामान आधी बुंदेलखंडात ठेवलं होतं त्यानं. मागं बुणगे नाहीत, तोफा नाहीत, बायकापोरं नाहीत. स्वार आणि घोडा. आता याच रस्त्यानं तेवीस वर्षांनी भाऊसाहेब गेले ते बघ. १४ मार्च १७६० ला पटदूर सोडलं आणि दिल्लीत शिरले ऑगस्टच्या सुरुवातीला. घोडी तीच, मुलूख तोच. बरोबर तोफखाना, यात्रेकरू, कबिले. तुझी फौज यातली कुठली?"

"मी एकटी. फार तर दोघं."

"आणि मागून येणारी गाडी?"

गाडी येणार होती. तिच्या मित्राची जीप, तंबू, स्वयंपाकाचं सामान आणि, मामाच्या भाषेत, फोटो काढणारा एक इसम. "म्हणजे बुणगे आलेच," मामा म्हणाला.

इथं मला मधे तोंड घालावंसं वाटलं, कारण मागून येणारी गाडी ही माझी अट होती. पण मेहुण्याचा मुद्दा वेगळाच निघाला. त्याला गाडी हवीच होती. गाडीत तंबूच्या आधी काय भरलंय, एवढंच त्याला विचारायचं होतं.

भाचीनं तेवढ्यात आपला हुकमी एक्का टाकला. निजामानं म्हणे चिताऱ्याला पाठवलं, बाजीराव जसा दिसेल तसा काढून आण म्हणून. चित्र आलं ते घोड्यावर बसून दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळत खात चाललेल्या स्वाराचं. ग्रँट डफनं ही गोष्ट दिलीय. खरी-खोटी कशीही असो, मराठी घरात ती सगळ्यांना पाठ असते. "बघ. दाणे चोळून खायचे आणि चालायचं. एवढ्या कमी गरजांवर माणसं शेकडो कोस जात होती."

"चित्रात आणखी काय आहे?"

"भाला. खांद्यावर."

"आणखी?"

ती थांबली. मामाला हवं होतं ते त्याला मिळालं. "तोबरा आहे. तोबऱ्यात अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या आहेत. पेशवा स्वतः कच्ची कणसं खातोय, पण घोड्याला बांधायचं आणि खायला घालायचं सामान त्याच्याजवळ आहे. तुम्ही सगळे कणसं बघता. मी तोबरा बघतो."

हा वाचनाचा प्रकार मला नवा होता. लढाईचं वर्णन गुरांच्या डॉक्टरानं वाचलं की त्यातली माणसं मागं सरकतात आणि चारा पुढं येतो. पुढचा अर्धा तास त्यानं हेच केलं. दसऱ्याला सीमोल्लंघन का? पंचांगात मुहूर्त आहे म्हणून, असं आपण म्हणतो. तो म्हणतो, पावसाळा सरलेला, नद्या उतरलेल्या, रानात कंबरेएवढं गवत आणि पुढं खरिपाचा कडबा. घोडदळाला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? पेशवाईत पागांसाठी कुरणं राखलेली असत. त्यांत दुसऱ्याची गुरं शिरली तर दंड. आणि पानिपतावर शेवटी काय झालं? दाणागोटा आणणाऱ्या वाटा तुटल्या, डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीत माणसं अर्धपोटी आणि घोडी त्याहून. १४ जानेवारीला जी घोडी रणात उतरली ती आधीच हरलेली होती, असं तो म्हणाला. हे त्याचं मत. इतिहासकार तोफा, डावी-उजवी बगल, विश्वासरावांना लागलेली गोळी यांच्यावर पानं खर्च करतात, आणि तेही बरोबरच आहे. पण उपाशी घोड्याची एक ओळ त्यात हवी, एवढं मला पटलं.

"बरं, मग मला चारा सांग," भाची म्हणाली. वही उघडली. भांडणात वही उघडणारं माणूस हरत नाही, हे मी तिच्या लहानपणापासून पाहतोय.

मामा सांगत गेला. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान. त्याला दिवसातून दोनदा भरपेट खायला घालून भागत नाही. त्याचं तोंड सतत चालू हवं. शंभर किलो वजनामागं दिवसाला दोन किलोच्या आसपास कोरडा चारा. पाणी तीस-चाळीस लिटर, चालीच्या दिवशी त्याहून जास्त. घामातून मीठ जातं, म्हणून मीठ. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, त्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं चुकीचं काही वर येत नाही, म्हणून पोटशुळानं चांगला घोडा एका रात्रीत जातो. "आज शिरूरला ओट, उद्या नगरला कुणी प्रेमानं वाढलेलं उसाचं वाढं, परवा नेवाशाला भाकरी आणि गूळ. गावागावांत लोक आरती ओवाळतील, त्याच्या तोंडात पेढे घालतील. चौथ्या दिवशी तो जमिनीवर लोळायला लागेल आणि तू मला फोन करशील. एकच चंदी. घरून न्यायची, आणि रोज तीच."

"मग गाडी हवीच ना?"

"गाडी हवीच. पहिल्या खेपेला चारा, दुसऱ्या खेपेला तंबू. फोटोवाला जागा उरली तर."

रस्त्यावर मात्र दोघांचं खरोखर वाजलं. तिच्या नकाशावर निळी रेघ होती, म्हणजे जुना मार्ग. मामा म्हणाला की त्या रेघेवर आज वाघोलीचा ट्रॅफिक आहे, रांजणगावचे कंटेनर आहेत आणि डांबर आहे. डांबरावर घोड्याला दुडक्या चालीनं नेलं की प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यापर्यंत जातो. गुळगुळीत डांबरावर लोखंडी नाल घसरते. नाल न मारावी तर खूर झिजतो. मातीवर दीड महिना टिकणारी नाल डांबरावर किती टिकेल हे नालबंदाला विचार, आणि मुळात वाटेत नालबंद कुठं भेटतो तेही विचार.

"रेघेवरून जाणारच नाही मी," ती म्हणाली. "रेघेला धरून जाणार. कालव्याकडेचे रस्ते आहेत, शिवरस्ते आहेत, पाणंदी आहेत."

"पाणंदी!" मामा मोठ्यानं हसला. "सरकारनं पाणंदी मोकळ्या करायला योजना काढावी लागते, यातच सगळं आलं. दोन्हीकडच्या बांधांनी खाल्ल्यात त्या. नकाशावर अकरा फूट, जागेवर मोटारसायकल जाईना. मधे तारेचं कुंपण. घोड्याला तार दिसत नाही, तायडे, फाटलेली छाती मी शिवलीय."

"तेच बघायचंय मला. जुन्या रस्त्याचं आज काय झालंय ते गाडीच्या काचेतून कळत नाही. इथं वाट होती, ती इथं का वळली, पाणी कुठं होतं, हे त्या वेगानं गेल्याशिवाय..."

आणि मग तिनं अजिंठ्याचं सांगितलं. हा भाग मला सगळ्यांत आवडला, म्हणून जरा थांबतो. अजिंठा म्हटलं की आपल्याला लेणी. पण लेण्यांपासून वेगळं, घाटमाथ्यावर अजिंठा नावाचं तटबंदीचं गाव आहे, त्यात सराई आहे. असईच्या लढाईनंतर, १८०३ मध्ये, इंग्रजांनी आपले जखमी याच तटाच्या आत आणून ठेवले होते. आणि घाट उतरलात की खाली फर्दापूर, तिथंही सराई, मोगल काळातली, मोठं अंगण आणि चारी बाजूंनी ओवऱ्या. मधलं अंतर आज गाडीनं काही मिनिटांचं. "एवढ्या जवळ दोन सराया कशाला?" तिनं विचारलं. तिचा अंदाज असा की घाट हा दिवसाच्या शेवटी घ्यायचा भागच नव्हता. लादलेली जनावरं संध्याकाळी माथ्यावर पोचली तर वरच थांबवायची, सकाळी ताज्या पायांनी उतरवायची. खालून येणारी संध्याकाळी पायथ्याला थांबणार आणि पहाटे चढणार. दोन्ही टोकांना रात्र लागतेच. आर्किटेक्टला हे नकाशावरून सुचलं होतं. घोड्यावर बसून ते तपासायचं होतं. "वास्तू कुठं उभी राहते ते जनावराच्या दमावर ठरत असेल, तर ते मी गाडीत बसून कशी ठरवू?"

मामा गप्प बसला. मग म्हणाला, "उतरताना तू खाली उतरशील. हातात लगाम धरून पायी. उताराला स्वाराचं सगळं ओझं पुढच्या पायांवर येतं."

हा होकार नव्हता. पण 'उतरशील' हा भविष्यकाळ होता, आणि तो तिनं वहीत लिहून घेतला.

ओझ्यावरून आठवलं, त्यानं वजनाचाही हिशेब मांडला. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाठीवर नको. भीमथडीचा साडेतीनशे किलोचा घोडा धर, सत्तर किलो. त्यात खोगीर, घोंगडी, पाण्याची बाटली, तू. "तुझं वजन किती?"

"मामा!"

"मामा नाही, डॉक्टर विचारतोय."

भीमथडी हे नाव त्यानं मुद्दाम काढलं की ओघात आलं, कोण जाणे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला हा घोडा, देशी तट्टांना अरबी-तुर्की रक्त मिळून झालेला. अंगानं आटोपशीर, पोटानं कमी लाडाचा, खडकाळ माळावर न अडणारा. मराठी घोडदळाचा कणा तो. आता कुठं त्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली. तोवर तो धनगरांच्या कळपांमागं मेंढ्या, कोंबड्या आणि संसार वाहत जगला. भाचीनं नेमकं तिथं बोट ठेवलं.

"नोंद झाली, पुढं काय? काम नसेल तर जात टिकेल का? शर्यतीला तो धावणार नाही, उड्या मारायला उंची नाही. लांब पल्ला हेच त्याचं काम. जगात लांब पल्ल्याच्या स्पर्धांवर अरबी घोडे राज्य करतात ते दिसायला देखणे म्हणून नव्हे. आपल्याकडे लांब पल्ल्यासाठीच घडलेला घोडा आहे आणि त्याच्यावर आपण प्लास्टिकच्या बादल्या लादतो."

"आणि काहींना वरातीत नाचवतो," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. नाचवण्यासाठी घोड्याला काय काय शिकवतात, डीजेच्या भिंतीसमोर पाच-पाच तास उभं कसं करतात, ते त्यानं सांगितलं. इथं लिहीत नाही. "त्यापेक्षा तू त्याला नर्मदेला ने. मी तर म्हणेन, ने."

दोघांचं जमलं असं वाटेपर्यंत त्यानं पुढचं विचारलं, "घोडा कुणाचा?"

घोडा क्लबचा होता. भाड्यानं.

"मग तू शिलेदार नव्हेस. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला की भाकरी गेली, म्हणून तो घोडा जपायचा, लढाईतसुद्धा जपायचा, सरदार चिडले तरी. तू बारगीर. घोडा दुसऱ्याचा, मिरवणं तुझं."

हे लागलं. ती उठून आत गेली, चहा ठेवला, आणि चहा घेऊन आली तेव्हा अमेरिका घेऊन आली. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या जुन्या वाटेवर १९५५ पासून टेव्हिस कप नावाची दौड होते. एका दिवसात शंभर मैल, चढउतार भयानक. भाड्याच्या घोड्यावरही लोक जातात. कुणी त्यांना बारगीर म्हणत नाही!

"तिथं वाटेत डॉक्टर उभे असतात," मामा म्हणाला.

"असतात. ठरलेल्या ठिकाणी घोडा दाखवायचाच. नाडी उतरली नाही तर पुढं सोडत नाहीत."

"पुढं सांग. तिथं आणखी एक बक्षीस असतं."

तिला ते ठाऊक होतं. पहिल्या दहा आलेल्या घोड्यांतून दुसऱ्या दिवशी जो सगळ्यांत ठणठणीत असेल, त्याला हॅगिन कप. "म्हणजे पहिला आला कोण हे एक, आणि अजून चालायला तयार कोण हे दुसरं," मामा म्हणाला. "माझ्या लेखी दुसरं मोठं. पण माझा प्रश्न तो नाही. त्या वाटेवर डॉक्टर 'थांब' म्हणाला की स्वार थांबतो, मग तो कितीही पैसे भरून आलेला असो. तुझ्या वाटेवर 'थांब' कोण म्हणणार?"

"मी."

"तू नाही म्हणणार. तुला रावेरखेडीला पोचायचंय."

मला विचाराल तर सगळ्या वादाचा गाभा हा. बाकी चारा, नाल, डांबर यांना उत्तरं होती. वहीत ती उतरतही होती. याला नव्हतं. जो निघालाय त्यानंच थांबायचं की नाही हे ठरवायचं, ही आपल्याकडच्या सगळ्या साहसांची रीत. गडावर, ट्रेकमध्ये, वारीतल्या सायकलींवर. तिथं निदान दमणारा आणि ठरवणारा एकच असतो. इथं दमणारा वेगळा.

तिनं चिफेलीचं उदाहरण काढून पाहिलं. एमे चिफेली, स्विस शाळामास्तर, १९२५ मध्ये ब्यूनस आयर्सहून निघाला आणि १९२८ मध्ये अमेरिकेत पोचला. मांचा आणि गाटो नावाचे दोन क्रिओयो घोडे, दोघंही पंधरा किंवा त्याहून जास्त वयाचे, पॅटागोनियातल्या एका आदिवासी सरदाराकडून आलेले. दहा हजार मैल. अँडीज, वाळवंट, जंगल. त्याला कुणी थांबवणारा नव्हता, आणि दोन्ही घोडे पुढं म्हातारे होऊन सुखानं मेले. "माणसावर विश्वास ठेवायचाच नाही, असं कसं चालेल?"

"दोन घोडे होते त्याचे," मामा शांतपणे म्हणाला. "आळीपाळीनं बसायचा. आणि तीन वर्षं होती. तुला तीन आठवडे आहेत. घाई नसलेल्या माणसावर मी विश्वास ठेवतो. त्यानंही शेवटी सेंट लुइसला गाटोला मागं ठेवलं, मोटारींच्या रस्त्यावर दोन घोडे नेणं जमेना म्हणून. हे शंभर वर्षांपूर्वी, बरं का."

मग त्यानं तिला उठवलं आणि आम्ही तिघं क्लबवर गेलो. हे त्याच संध्याकाळी. घोडा नुकताच कामावरून आला होता, खोगीर उतरत होतं. मामानं मोतद्दाराला पुसू दिलं नाही. "पाठ बघ," तो म्हणाला. घामानं पाठ काळपट ओली होती, फक्त खांद्याच्या मागं, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन कोरडे ठिपके. भाचीला वाटलं, तिथं कमी घाम आला, म्हणजे चांगलंच. "उलटं. तिथं खोगीर एवढं दाबतंय की घाम फुटायला जागा नाही. आज कोरडं, चार दिवसांत सूज, आठ दिवसांत पाठ लागली. मग महिनाभर खोगीर नाही." त्यानं केस उलटे फिरवून दाखवले. उंचवट्यावर पाचदहा पांढरे केस होते. "हे आधीच्या कुणाचं तरी काम."

पुढं त्यानं मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती किती वेळात जागेवर बसते ते पाहिलं. ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला, पांढरा डाग गुलाबी व्हायला लागणारा वेळ मोजला. बरगड्यांच्या मागं, कुशीला कान लावला, डावीकडे आणि मग उजवीकडे. "ऐक." तिनं कान लावला. आत गुरगुर चालू होती. "हा आवाज बंद झाला की सगळं बंद. तू दर मुक्कामाला हे ऐकायचं, जेवायच्या आधी. विश्रांतीत नाडी तीस ते चाळीस. चाल संपल्यावर अर्ध्या तासात साठच्या खाली आली नाही, तर उद्याची मजल रद्द. तू ठरवायचं नाही, आकडा ठरवेल."

म्हणजे 'थांब' म्हणायचा अधिकार त्यानं आकड्याला दिला होता. भाचीनं तडजोड सुचवली की आकडे रोज रात्री मामाला फोनवर कळवायचे आणि शब्द त्याचा. तो म्हणाला, फोनवर नाही, मी जीपमध्ये बसतो. फोटोवाल्याची जागा मला. ती म्हणाली, मग तू रोजच थांबवशील. यावर अजून एकमत नाही.

बाकीच्या बाबी भराभर उरकल्या. मजल तीस किलोमीटरची, चार दिवसांनी एक दिवस पूर्ण आराम. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे जे सरकारी नियम आहेत, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांवर नाही, पारा ३७ च्या वर असेल तर बारा ते तीन नाही, ते स्वारीलाही लावायचे. दुसरा घोडा हवाच, आणि खोगीर बदलायचं. खरं घोडं अडलं ते कागदांवर. मध्य प्रदेशात शिरायचं तर ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली हवी. हा रोग घोड्यातून माणसालाही होतो. निदान पक्कं झालं की कायद्यानं घोडा मारावा लागतो, उपचार नाही. "नमुना हिसारला जाणार, निकाल यायला वेळ लागणार. आणि निकालात काही निघालं तर एकट्या तुझ्या घोड्याचा प्रश्न राहत नाही, सगळा तबेला बंद. क्लबवाल्यांना हे सांगितलंस?" सांगितलं नव्हतं.

"आणि परत कशी येणार?"

"ट्रकनं. परतीचा ट्रक ठरवलाय."

मामानं कपाळाला हात लावला नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं. "ट्रकमध्ये घोडा बसत नाही. बारा-चौदा तास उभा राहतो, प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला चारी पायांनी तोल सावरत. त्यात मान वर बांधलेली. घोडा मान खाली करून नाक मोकळं करतो. ते जमलं नाही की धूळ छातीत उतरते आणि घरी पोचल्यावर ताप. तीन आठवडे चालून गेलेल्या जनावराला तू शेवटी हे देणार? सगळी मोहीम एका रात्रीत वाया."

"मग मराठे परत कसे यायचे?"

"जसे गेले तसे."

तिनं वहीत पुन्हा आकडेमोड केली. सहाशेचे बाराशे झाले. तीन आठवड्यांचे दीड-दोन महिने. दिवाळीनंतर निघून परत येईस्तोवर संक्रांत. चारा दुप्पट, नाला दुप्पट, रजा दुप्पट, आणि तेवढी रजा कुठलंही ऑफिस देत नाही. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही बोला आता," मेहुणा म्हणाला.

मी समजूतदारपणानं म्हटलं, मग बऱ्हाणपूरपर्यंतच जा. अंतर कमी होईल, तापी लागेल, परतायलाही सोपं. यावर दोघं एकदम माझ्यावर तुटून पडले. मुलगी म्हणाली, नर्मदा न बघता परतायचं असेल तर शिरूरलाच जाऊन येते. आणि मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्हाला घोड्यातलं काय कळतं?